डाव्या बाजूचा आरसा

१० जून, पॉइंट कुक

श्री,

पाकिटावर माझं नाव दिसलं तर न उघडताच फाडशील, म्हणून पाठवणाऱ्याच्या जागी नातीचं नाव घातलंय. ही कोण मिताली, म्हणून तरी उघडशील. आता उघडलंच आहेस तर वाच. चंद्रहास बोलतोय. तुझा चंद्या. एकतीस वर्षांनी.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर ब्लॉक केलंयस. सिडकोतलं घर विकलं नसशील असं धरून चाललोय.

मी इथे मेलबर्नजवळ मुलाकडे, यतिनकडे असतो. माझी चित्रलेखा गेली त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून. मजेत होतो, खोटं कशाला बोलू? इथे येऊन म्हातारे लोक सोफ्यावर बसून सुनेची वाट बघतात, तसला मी नाही. मंगळवारी लायब्ररी, बुधवारी समुद्राच्या कडेला चालणं, शुक्रवारी कम्युनिटी हॉलमध्ये आपल्या मराठी म्हाताऱ्यांचा रमीचा अड्डा. आणि शनिवारी फुट्स्क्रेचं मार्केट. काय मार्केट आहे रे! व्हिएतनामी बायका ओरडून भाजी विकतात, इथिओपियन लोकांच्या कॉफीचा वास रस्त्यापर्यंत येतो, आणि एक कोळी मला लांबूनच ‘अंकल, फ्रेश बांगडा!’ अशी हाक मारतो. बांगडा हा शब्द त्याला मी शिकवला. सगळीकडे माझा मी गाडी चालवत जातो. जायचो.

हे सगळं आत्ताच का लिहितोय? कारण मी घाबरलोय, श्री. बहात्तर वर्षांचा बाप्या, पण दारावरची बेल वाजली की कपडे धुवायच्या खोलीत जाऊन उभा राहतो. काल पार्सलवाला होता. तो गेल्यावर दहा मिनिटं मी मशीनला धरून उभा होतो.

शनिवारी आमच्या गाडीचा डाव्या बाजूचा आरसा तुटला. घरी सांगितलं की मार्केटच्या पार्किंगमध्ये कोणीतरी ठोकून गेलं. सगळ्यांनी विश्वास ठेवला. सून म्हणाली, ‘पपा, तुम्हाला लागलं नाही ना? मग नो वरीज.’

कोणी ठोकलेलं नाही. मीच ठोकलंय कोणालातरी. पण आज हात चालत नाहीये, बाकीचं परत लिहीन.

चंदू

१३ जून

श्री,

पहिलं पत्र टाकलं आणि लगेच वाटलं, पेटीत हात घालून परत काढावं. पण इथल्या टपालपेटीचं तोंड अरुंद असतं.

तर ऐक. शनिवार, संध्याकाळचे पावणेपाच. इथे आता हिवाळा, पाचला सूर्य बुडतो. बांगडे बाजूच्या सीटवर, मी फ्रीवेवरून उतरून आमच्या वस्तीच्या रस्त्याला वळलो. तो रस्ता सरळ पश्चिमेला जातो. सूर्य एकदम डोळ्यांत आला. व्हायझर खाली ओढायला हात वर केला आणि तेवढ्यात डावीकडे आवाज आला. मोठा नाही. गादीवर काठी मारल्यासारखा. मग काच फुटली.

आतल्या आरशात बघितलं. चाकांची सामानाची पिशवी असते ना, ती उलटी पडली होती, चाकं फिरत होती. संत्री रस्त्यावर घरंगळत होती. आणि गवतावर एक म्हातारी बाई. तिने हात वर केला होता. मला थांब म्हणून की मदतीला ये म्हणून, ते कळलं नाही.

माझा पाय ब्रेकवर गेलाच नाही, श्री. अॅक्सिलरेटरवर गेला.

का, ते जगात फक्त तुला समजेल. आपल्याला काय शिकवलंय? अपघात झाला की थांबायचं नाही. आधी गाडी काढायची, मग पुढच्या चौकीत जाऊन हजर व्हायचं. थांबलास तर लोक हाडं मोडतात. सिन्नरहून येताना तू हेच म्हणत होतास, ‘चंद्या, चौकी मैलभर पुढे आहे, तिथे जाऊ.’ आणि मी शहाणा, शेजारी बसून ओरडलो होतो, ‘थांब, थांब श्री, माणुसकी आहे की नाही?’ तू थांबलास. तुझ्या उजव्या हाताचं पुढे काय झालं ते मी तुला काय सांगणार? अख्ख्या सातपूरमध्ये तुझ्यासारखा लेथवरचा हात नव्हता, आणि त्या हाताला परत कप धरता आला नाही.

म्हणून मी थांबलो नाही. तुझ्यामुळे नाही थांबलो, असंसुद्धा मी त्या रात्री स्वतःला सांगून बघितलं. लाज वाटली.

आणि गंमत बघ. गर्दी कुठे होती? रस्त्यावर एक कुत्रा घेऊन चाललेला माणूस होता, तोही शंभर पावलांवर. इथे कोणी मारत नाही. इथे थांबायचं असतं. तोच कायदा आहे. इथल्या लायसन्सच्या परीक्षेत हा प्रश्न मला आला होता आणि मी बरोबर उत्तरावर टिचकी मारली होती.

पोलीस स्टेशनला जायलाच निघालो होतो मी. पण अंधार पडला, रस्ता चुकलो, आणि घरी आलो. गॅरेजमध्ये बसून राहिलो. बांगड्यांचा वास गाडीभर झाला तेव्हा उतरलो.

ती बाई जिवंत आहे की नाही, मला माहीत नाही.

चंदू

१७ जून

श्री,

जिवंत आहे. खुबा मोडलाय. आता ही बातमी मला कशी कळली ते ऐक म्हणजे माझे काय हाल चाललेत ते कळेल.

रविवारी जेवताना सुखदा, म्हणजे आमची सून, फोनवर फेसबुक बघत होती. इथे प्रत्येक गावाचा एक ग्रुप असतो. हरवलेल्या मांजरांपासून सगळं त्यावर येतं. ती म्हणाली, ‘अहो, हे बघा किती भयंकर! आपल्याच रस्त्यावर.’ आणि मोठ्याने वाचायला लागली. मिसेस कॅरुआना नावाच्या एक्क्याऐंशी वर्षांच्या बाई. मूळच्या माल्टाच्या. बसस्टॉपकडे चालल्या होत्या. पांढरी गाडी, चालवणारा म्हातारा असावा, थांबला नाही. ऑपरेशन झालंय. अंगात लाल लोकरीचं जाकीट होतं. ज्यांच्या गाडीत डॅशकॅम आहे त्यांनी फुटेज तपासावं, असं त्यांच्या मुलीने लिहिलंय.

माझ्या घशात भाकरीचा तुकडा अडकला. यतिन माझ्या पाठीवर थापट्या मारत होता आणि मारता मारता म्हणाला, ‘असल्या लोकांना डिपोर्ट केलं पाहिजे, सरळ.’

मिताली नऊ वर्षांची आहे. ती ताटातून मान वर न करता म्हणाली, ‘मे बी ही डिडन्ट सी हर, डॅड.’

‘देन ही शुड स्टॉप,’ यतिन म्हणाला. माझाच मुलगा. मीच शिकवलंय त्याला असं बोलायला.

खरी कथा पुढे आहे. डॅशकॅम आपल्या गाडीतही आहे. यतिननेच बसवलाय, पपांची काळजी म्हणून. जेवण झाल्यावर तो म्हणाला, ‘पपा, पार्किंगमध्ये कोणी ठोकलं ते कॅमेऱ्यात आलं असेल की! कार्ड काढून आणतो.’ कार्ड मी शनिवारीच काढलं होतं. म्हटलं, ‘अरे, ते खराब झालं होतं, मी फेकलं.’ तर हा पठ्ठ्या म्हणतो, ‘मग मार्केटवाल्यांकडे सीसीटीव्ही मागतो. सोडायचं नाही त्यांना.’ आज त्याने खरंच ईमेल केली. माझ्या खोट्यासाठी माझा मुलगा भांडतोय, श्री, आणि मी त्याला ‘जाऊ दे रे’ म्हणतोय तर त्याला वाटतं पपा किती मोठ्या मनाचे.

कार्ड फेकलेलं नाही. नखाएवढं ते कार्ड मेथीदाण्याच्या बरणीत तळाशी घालून ठेवलं. म्हटलं, मेथीला या घरात कोण हात लावतं? काल सकाळी सुखदा ओट्याशी उभी राहून म्हणते, ‘पपा, थंडी काय पडलीये. मेथीचे लाडू करते तुमच्या गुडघ्यांसाठी.’ आणि बरणी उचलली. मी तिच्या हातातून अक्षरशः ओढून घेतली. म्हटलं, मी निवडून देतो. ती बघतच राहिली. मेथी कोण निवडतं? तीन वाट्या दाणे मी एकेक करून निवडले. आता कार्ड माझ्या कवळीच्या डबीत आहे.

मी ते लावून बघितलेलं नाही. त्यात त्या बाईंचा चेहरा असेल.

गाडीला हात लावत नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, अशी एक थाप अजून. बसने जातो. आणि बसचा स्टॉप कुठे आहे? तिथेच.

चंदू

२० जून

श्री,

हे पत्र एक्सप्रेसने पाठवतोय. जास्त दिवस ते वाटेत राहिलं तर ‘वाचू नकोस, फाडून टाक’ अशी मी मागून तार करीन अशी भीती वाटते. तार आता नसते, मला माहितीये.

काल बसस्टॉपवर गेलो. जिथे त्या पडल्या तिथे विजेचा खांब आहे. खांबाला फुलं बांधली होती. इथे रस्त्यावर माणूस गेला की त्या जागी फुलं बांधतात. फ्रीवेवर जाता येता मी शंभरदा बघितलंय, आणि दर वेळी मनातल्या मनात नमस्कार केलाय. ती फुलं बघितली आणि मी स्टॉपच्या बाकावर बसलो. बस आली. ड्रायव्हरने दार उघडलं, म्हणाला, ‘यू कमिंग, मेट?’ मी उठलो नाही. तो गेला.

खांब माझ्यापासून दहा पावलांवर. फुलांना एक कार्ड लटकवलेलं होतं. मी पंचवीस मिनिटं त्या बाकावर बसून होतो आणि मला ती दहा पावलं टाकता येत नव्हती. मारलंस तू तिला, चंद्रहास, एवढंच डोक्यात. बाकी काही नाही. शेवटी उठलो. चष्मा दुसरा घातला. लहान मुलाचं अक्षर होतं. ‘लवकर बरी हो, नॅना.’ नॅना म्हणजे आजी.

मी तिथे खांबाला धरून रडलो, श्री. फुटपाथवरून एक मुलगी पळत चालली होती व्यायामाला. तिने कानातला इअरफोन काढून विचारलं, ‘तुमच्या ओळखीच्या का?’ मी मान हलवली. हो की नाही, माझं मलाच माहीत नाही.

त्या बाकावरच ठरवलं की तुला खरं लिहायचं. दोन गोष्टी.

पहिली. मी रस्ता चुकलो नव्हतो. पोलीस स्टेशन सापडलं होतं मला. त्याच्यासमोर गाडी लावून मी वीस मिनिटं बसलो होतो. दिव्याखाली दार दिसत होतं. आत एक पोरगी काउंटरवर काहीतरी खात होती. मी सीटबेल्टही काढला होता. मग परत लावला.

दुसरी. एकतीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की श्रीनिवास माझ्याशी बोलत नाही, कारण मी त्याला थांब म्हणालो. कारखान्यात सांगितलं, चित्रलेखाला सांगितलं, यतिनला सांगितलं. ऐकणारा म्हणायचा, ‘अहो, तुम्ही तर बरोबरच सांगितलंत!’ आणि मला ते ऐकायला बरं वाटायचं.

सिन्नरचं लग्न उरकून आपण येत होतो. तुझी नवी जुनी फियाट. दूधवाला सायकलवरून आडवा आला, किटल्या उडाल्या. मी थांब म्हणालो, तू थांबलास. तू माणसाला उचलायला पळालास, मी माझ्या बाजूने उतरलो. ढाब्यावरून लोक आले. पहिली काठी तुझ्या खांद्यावर बसली तेव्हा मी तुझ्यापासून चार हातांवर होतो. एकाने माझी कॉलर धरली. ‘तू पण गाडीतला का रे?’

मी म्हणालो, ‘नाही. मी रस्त्याने चाललो होतो.’

त्याने कॉलर सोडली. आणि मी मागे सरकलो. एक पाऊल, मग अजून एक. गर्दी इतकी झाली की मी तिच्यातलाच एक झालो. टाचा वर करून बघत होतो मी, श्री, जसे बाकीचे बघत होते. तुझा हात त्यांनी गाडीच्या दारात घातला आणि दार लावलं, तेही मी बघितलं. मग चालत निघालो. मैलभर पुढे खरंच चौकी होती. तिच्यासमोरून मी चालत गेलो.

दुसऱ्या दिवशी सिव्हिलमध्ये तुला भेटायला आलो तर तू भिंतीकडे तोंड केलंस. हवालदार बाहेर मंजिरीवहिनींना सांगत होता, यांचा जबाब झालाय, गाडीत दुसरं कोणी नव्हतं म्हणतात, एकटाच होतो म्हणतात. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. त्यांनीच आदल्या दिवशी आपल्याला दोघांना डबा देऊन गाडीत बसवलं होतं. मी काही बोललो नाही. त्याही बोलल्या नाहीत.

तू मला गर्दीत बघितलं होतंस की मी पळून गेलो असं समजलास, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

चंदू

२ जुलै

श्री,

तुझं उत्तर येणार नाही हे मला माहीत आहे, तरी रोज साडेअकराला पेटी बघायला जातो. टपालवाला मोटरसायकलवर येतो, पिवळं जाकीट. लांबून पोलिसासारखा दिसतो, दर वेळी मी आधी दाराआड होतो.

आता ऐक काय झालं. काल यतिन आरसा बसवायला गाडी घेऊन गेला. मी म्हटलं होतं राहू दे, पण डाव्या आरशाशिवाय गाडी रस्त्यावर आणणं बेकायदेशीर आहे, म्हणाला. नियमाचा पक्का. संध्याकाळी आला. सुखदा मितालीला पोहायला घेऊन गेली होती. माझ्यासमोर टेबलावर त्याने एक टिश्यू ठेवला आणि उलगडला. आत चार बोटं लांबीचा धागा. लाल लोकरीचा.

‘आरशाच्या खाचेत अडकला होता,’ तो म्हणाला. ‘मेकॅनिक म्हणाला, पार्किंगमध्ये नाही लागलेलं हे, मेट.’

मी त्या धाग्याकडे बघत बसलो. मग तो म्हणाला, ‘पपा, बोला ना काहीतरी.’

मी सांगितलं. सगळं. तो खाली बसला, फरशीवरच, पाठ कपाटाला टेकून. लहानपणी मार्क कमी पडले की असाच बसायचा. मला वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर फार बरं झालं असतं रे.

तो उठला आणि मला म्हणाला, ‘कोणाला काही सांगायचं नाही. सुखदालासुद्धा नाही. मेकॅनिक ओळखीचा आहे, मी त्याच्याशी बोलतो. तुम्ही फक्त गप्प राहा. तुम्हाला या वयात कोर्टात उभं करणार नाही मी. आय विल हँडल इट.’ आणि तो धागा त्याने सिंकमध्ये टाकून नळ सोडला.

माझी भीती तिथे बदलली, श्री. आजपर्यंत मला पोलिसाची भीती होती. जेलची, परत पाठवतील याची, मितालीच्या शाळेत कळेल याची. काल मला माझ्या पोराची भीती वाटली. जेवताना ‘देन ही शुड स्टॉप’ म्हणणारा मुलगा माझ्यासाठी एका मिनिटात मागे सरकला. एक पाऊल. मला ते पाऊल ओळखता येतं.

रात्रभर तो घरात फिरत होता, पावलं ऐकू येत होती. आज सकाळी तो कामावर निघताना मितालीने त्याला काहीतरी विचारलं आणि तो तिच्यावर खेकसला. कधी नाही ते.

तरी मी आज गेलो नाही. शूज घातले, लेस बांधली, आणि सोडली.

चंदू

८ जुलै

श्री,

रविवारी सकाळी फोन टुणकन वाजला. तुझं नाव. मला वाटलं डोळे फसवतायत. आधी मनात आलं की तू गेलास आणि कोणीतरी कळवतंय. मी तो उघडेना, तेव्हा मितालीने फोन घेतला आणि म्हणाली, ‘आजोबा, इट्स जस्ट अ फोटो.’

वहीच्या पानाचा फोटो. डाव्या हाताने लिहिलेलं, मोठं मोठं अक्षर, ओळी वर चढलेल्या. माझ्यामुळे तुला एकेचाळिसाव्या वर्षी परत अ आ इ ई गिरवावं लागलं, हे मी त्या अक्षरावरून शिकलो. पान पाठ झालंय, तरी तुझंच तुला लिहून पाठवतो, म्हणजे तुला कळेल की मी नीट वाचलं:

‘चंद्या, चार पत्रं मिळाली. चौथं आधी लिहायचं होतंस. गर्दीत तू होतास ते मला दिसत होतं. तुझा तो मोरपंखी स्वेटर, मंजिरीने विणलेला. मार खाताना मी तुझ्याकडेच बघत होतो. आता पुढे येईल, आता येईल. त्या बाईने पण तुझ्या गाडीकडे बघून हात वर केला. मला पुढचं पत्र लिहू नकोस. आधी जा.’

सोमवारी मी सगळ्यांच्या समोर सांगितलं. सुखदाला तेव्हाच कळलं. तिने हातातला चमचा खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, ‘म्हणून मेथी निवडत होतात?’ मग ती आत जाऊन रडली. यतिन म्हणाला, ‘पपा, प्लीज. आधी लॉयर.’ मी म्हटलं, लॉयर कर, पाहिजे तेवढे कर, पण उद्या सकाळी मी जाणार. सोडतोस का बसने जाऊ?

आज सकाळी त्याने सोडलं. त्याच रस्त्याने नेलं मी त्याला. खांबावरची फुलं सुकली होती. दाराशी उतरताना त्याने माझा मफलर नीट केला. ‘मी येतो आत,’ म्हणाला. म्हटलं, ये, पण बाकावर बस. काउंटरवर मी एकटा जाईन.

बाकापासून काउंटर आठ पावलं. काउंटरवर तीच पोरगी होती, त्या दिवशी खाणारी. मितालीपेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठी असेल. मी इंग्रजी वाक्य पाठ करून गेलो होतो, ते सगळं विसरलो. म्हटलं, ‘मिसेस कॅरुआना. ती गाडी माझी.’

तिने खुर्ची ओढून दिली. आवाज चढवला नाही. मला तेच सहन होईना. कवळीच्या डबीतून कार्ड काढून तिच्यासमोर ठेवलं. तिने ते पिशवीत घालताना नाकाला लावलं आणि विचारलं, कसला वास आहे? म्हटलं, मेथी. लायसन्सही काढून ठेवलं. ती म्हणाली, ते आत्ताच द्यायला पाहिजे असं नाही. मी परत उचललं नाही.

मिसेस कॅरुआना वॉकर घेऊन चालायला लागल्यात, असं तिने सांगितलं. मी विचारलं, भेटायला जाऊ का, सुनेने लाडू केलेत. ती म्हणाली, नाही, तुम्ही त्यांच्याशी संपर्क करायचा नाही. कोर्टाचं पत्र येईल. काय होईल ते तिलाही सांगता येत नाही. म्हणजे भीती संपलेली नाही, श्री. आज दारावरची बेल वाजली तेव्हाही पाय आधी मशीनच्या खोलीकडे वळले. पण उघडायला मी गेलो. शेजारीण होती, लिंबं घेऊन आलेली.

एक सांगायचं राहिलं. ते सांगितलं की पत्र संपलं.

तिने फॉर्म काढला. नाव, पत्ता, तारीख, वेळ, वेग किती होता, सूर्य कुठे होता, सगळं विचारलं. तारखा आणि वेळा मी घडाघडा सांगितल्या. मग पान उलटलं आणि विचारलं, गाडीत तुमच्याबरोबर अजून कोणी होतं का?

सिव्हिलमध्ये हवालदाराने तुलाही हेच विचारलं असेल. तिला वाटलं इंग्रजी समजलं नाही. तिने परत विचारलं, सावकाश. मागे बाकावरून यतिन उठला, त्याला वाटलं पपांना काही होतंय. मी त्याला हातानेच बस म्हटलं.

‘नाही,’ मी तिला सांगितलं. ‘मी एकटाच होतो.’

तिने लिहून घेतलं.

चंदू